भुरी उतरली ती वाट

माणूस वाट चुकतो, पाऊस चुकतो, एखाद्या वर्षी देवही चुकतो; म्हैस मात्र चुकत नाही. डोंगर उतरताना ती पायाला घाई लावत नाही. पोटाचा भार सांभाळत, उतार जिथे अंगावर येत नाही तिथूनच ती चालते. तिच्या मागून तिची लेक, लेकीमागून लेकीची लेक. कितीएक पावसाळे खुरांखाली घासून टेपवाडीच्या डोंगरावर अशी एक वाट पडली होती. वाडीतून निघायची, ऐनाच्या झाडांतून वळायची, उंबराच्या मुळाशी झऱ्यावर घटकाभर थांबायची आणि मग सोंडेवरून अलगद खाली साळवणच्या पेठेच्या तोंडाला जाऊन मिळायची. तिला ढोरवाट म्हणत.

येसाजी रोज पहाटे या वाटेने कावड घेऊन उतरे. वाडीत नऊ घरं, नऊ घरच्या म्हशी. फणसाखालच्या कट्ट्यावर नऊ किटल्या पानाने झाकून ठेवलेल्या असत. येसाजी एकेक किटली उचलून दोन मोठ्या कॅनमध्ये रिती करी, निम्मं दूध इकडे, निम्मं तिकडे. कावडीचा दांडा खांद्यावर आला की तो एकदा किंचित उचकायचा. तोल बसला की खांद्यालाच कळे. साठी उलटली तरी त्याचा डावा खांदा बैलाच्या वशिंडासारखा घट्ट होता.

गेल्या भादव्यापर्यंत त्याच्या पुढे त्याची सून चालायची. मीना. डोक्यावर ताकाचा हंडा, तोंडात ओवी. झरा आला की तिचा आवाज उतरत्या वाटेसारखा खाली यायचा:

झऱ्याच्या वाटंवर, कोन पुढं कोन मागं,
हंड्यातल्या पान्या माज्या, ऱ्हा गो सकाळीचं जागं.

साळवणची पेठ एका बैलगाडीच्या मापाने बांधलेली. तिच्यातून आता महाडकडून येणारे टँकर जात, घाटाकडे चढणारे दगडमातीचे ट्रक जात. दोन गाड्या समोरासमोर आल्या की पेठ श्वास कोंडून भिंतीला लागे. त्या सकाळी मीनाही लागली होती. येसाजीला ताप होता म्हणून कावड शेजारच्या हैबतीने घेतलेली. मीना कापडाच्या दुकानाच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली, कावडीतून उतरवलेला एक कॅन छातीशी धरून. टँकरने वाट देण्यासाठी मागचं अंग जरा आत घेतलं. जराच. आवाज झाला तो कॅनचा.

हैबतीने तिला जीपमध्ये घातलं आणि महाडपर्यंत तिचं डोकं मांडीवर धरलं. येसाजीचा मुलगा राजू तिथल्याच कारखान्यात होता, तो कामाच्या कपड्यांत दवाखान्यात धावला. तो पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पुढे महिन्याभरात राजू मुंबईला गेला. फोन करी, पण पेठेचं नाव काढीत नसे.

येसाजी मात्र पेठेला चिकटला. शाळेतल्या चारुशीलाबाई पेठ टाळून डोंगरावरून घाटाला जाणाऱ्या बायपाससाठी कधीपासून अर्ज करत होत्या. मीना गेल्यावर त्यांनी रस्ता अडवला, तेव्हा पहिल्या ओळीत कावड आडवी टाकून येसाजी बसला. उन्हात सहा तास. माघ संपताना बाई स्वतः पेठेच्या टोकाशी त्याची वाट बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, सरकारने निधी मंजूर केला. येसाजीने कावड खाली ठेवली, टोपी काढली आणि पुन्हा घातली. त्याला दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

पण फाल्गुनात घोडं अडलं. कागदावर आखलेला रस्ता दोन खोल ओढ्यांवरून जात होता. त्यांवर पूल बांधायचे तर मंजूर निधीत बसेना, आणि मार्चअखेरच्या आत नवी आखणी गेली नाही तर निधी परत जाणार, असं बाईंनी सांगितलं. श्रेयस नावाचा तरुण इंजिनिअर चार दिवस डोंगरावर हिंडत होता. पाचव्या दिवशी तो वाडीखालच्या खडकावर बूट काढून बसलेला येसाजीला भेटला. टाचा सोललेल्या. त्याने विचारलं, एकवीस सालच्या पावसात रस्ता वाहून गेला तेव्हा तुम्ही आजाऱ्यांना डोलीतून खाली आणलंत म्हणे, ते कुठून?

शिमग्याचा दिवस होता. वाडी पालखीला शेजारच्या गावी गेलेली. येसाजीच्या घरात वर्षाच्या आतलं मरण, म्हणून सण नव्हता. लंगडा कुशाबा तेवढा पल्याडच्या माळावर आपल्या गवताच्या खोपीत बसलेला, आणि हैबती साहेबांच्या मोजणीयंत्राची तीनपायी तिकाटणी वाहायला रोजाने लागलेला.

येसाजी घरी गेला आणि गोठ्यातली सगळ्यांत म्हातारी म्हैस, भुरी, तिला सोडून घेऊन आला. इंजिनिअर बघतच राहिला.

"हिला घाई करायची नाय, सायब," येसाजी म्हणाला. "मागनं चला."

भुरी निघाली. गळ्यातली घंटा भर दुपारी वाजू लागली. जिथे माणसाला सरळ उतरावंसं वाटे तिथे ती आडवी जाई, जिथे वळावंसं वाटे तिथे सरळ. मागून यंत्रवाले दर वीस पावलांवर लाल झेंडी रोवत होते. यंत्रातले आकडे बघून इंजिनिअर हसायला लागला. म्हणाला, आमच्या पुस्तकातला चढ हिला तोंडपाठ आहे. दोन्ही ओढे तिने वरच्या अंगाला, जिथे त्यांची नुसती घळ होती तिथे ओलांडले. येसाजीची छाती भरून आली. आपल्या म्हशीचं कौतुक कुणाला नको असतं? आणि त्याच्या मनात एकच होतं: मीनासारखी दुसरी कुणाची सून आता भिंतीला लागणार नाही.

झऱ्यावर भुरी थांबली, पाणी प्यायली. इंजिनिअरनेही तोंड धुतलं, पानाचा द्रोण करून दोनदा प्यायला, पाण्याला गोड म्हणाला. त्याच्या माणसाने उंबराच्या मुळाशी ओल्या मातीत एक झेंडी रोवली. माती मऊ, झेंडी सहज आत गेली. येसाजीने ती बघितली आणि भुरीच्या पाठीवर थाप मारली.

दिवाळी झाल्यावर दगड आले. पांढरे, वर लाल आकडे. झेंड्यांच्या जागी दगड बसले, आणि चौदा नंबरचा दगड झऱ्याच्या उशाशी बसला. त्याच्या वरचा डोंगर दोन पुरुष खोल कापायचा होता.

येसाजी कावड खाली ठेवून त्या दगडापुढे उभा राहिला. म्हैस सोपा उतार धरते ते खरं. पण ती उतरते ती पाण्यासाठी. ज्या जागी पाणी, त्या जागी वाट. हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि साठ वर्षं म्हशींमागे हिंडलेला माणूस एका दुपारी ते विसरला होता.

वाडी तालुक्याला गेली. तिथल्या माणसाने नकाशा पसरून दाखवला: ही जागा गुरचरण, सरकारी, झरा नावाचं काही नकाशात नाही. बायका उन्हात बाहेर उभ्या होत्या, त्यांना कळेना की रोज डोक्यावरून वाहतो ते पाणी कागदात कसं नाही.

त्या रविवारी वाघजाईच्या मांडवात गावकी बसली. कुशाबा खांबाला टेकून बसला होता. त्याने विषयाला हात घातला. साहेब चार दिवस डोंगरात चुकत होता. ही वाट त्याला आपसूक सापडली नाही, वाडीतल्या कुणीतरी दाखवली. पुढे कोण ते झाडांआड दिसलं नाही, पण शिमग्याच्या दिवशी माळावरून आपण स्वतः हैबतीला साहेबांच्या मागे जाताना बघितलंय.

हैबती उभा राहिला. तिकाटणी वाहिली, रोज घेतला, हे त्याने कबूल केलं. वाट दाखवली नाही म्हणाला.

"मंग दावली कुनी?"

हैबतीने येसाजीकडे एकदा बघितलं. एकदाच. मग आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "ते मी नाय सांगायचा."

मांडवात कुजबुज उठली. कुशाबाने येसाजीकडे तोंड वळवलं. "येसाजी, तू वाडीतच व्हतास त्या दिशी. तू सांग, आमी ऐकतो."

येसाजीच्या जिभेवर शब्द आला होता. पण समोर बायकांत जनी बसली होती, त्याची बायको, पदर दातांत धरून. तिच्या मागे आठ घरच्या बाया, रोज झऱ्यावर जाणाऱ्या.

"माजं ध्यान नव्हतं," तो म्हणाला.

वाळीत हा शब्द कुणी उच्चारला नाही. त्याला आता कायदा आहे, पोलीस येतात. नुसतं दुसऱ्या दिवसापासून हैबतीच्या हाकेला ओ येईनाशी झाली. त्याच्या घरी विस्तव मागायला कुणी आलं नाही. गवत कापायला सावड असे, आज तुझ्या माळावर, उद्या माझ्या. त्या सावडीतून त्याचं नाव गेलं. त्याची बायको मैना झऱ्यावर यायची ती सगळ्यांची पाणी भरून झाल्यावर, ऊन डोक्यावर आल्यावर.

आणि पहाटे कट्ट्यावर येसाजी. नऊ किटल्या होत्या. हैबतीच्या किटलीला बुडाशी पोचा होता, वर सागाचं पान. कुशाबाची सून कमरेवर हात ठेवून उभी होती, तो काय करतो ते बघत. येसाजीने आठ किटल्या रित्या केल्या. नववीला हात लावला नाही. हैबती आपल्या अंगणातून बघत होता. कावड खांद्यावर घेताना त्या दिवशी पहिल्यांदा येसाजीचा तोल गेला, थोडं दूध जमिनीवर सांडलं.

चार दिवस हैबती किटली ठेवत राहिला. दुपारपर्यंत दूध नासायचं, मैना येऊन घेऊन जायची. पाचव्या दिवशी कट्ट्यावर आठच होत्या.

पौषात एकदा दोघं रानात समोरासमोर आले. म्हशी एकमेकींना ओळखतात, त्या एकत्र चरू लागल्या. त्यांना कुणी गावकी सांगितली नव्हती. येसाजीने आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, तू त्या दिवशी माझं नाव का घेतलं नाहीस.

हैबती कोयत्याने काठी तासत होता. तासत राहिला.

"महाडपत्तर तिचं डोकं माज्या मांडीवर व्हतं," तो म्हणाला. "इचारत व्हती, दूध सांडलं का. दोनदा इचारलंन. तू वाट तिच्यासाठी दावलीस. त्ये मी मांडवात कसं सांगू? तुजं हाय, तू सांगशील तवा सांग."

हैबतीने आपल्या म्हशी वेगळ्या केल्या आणि पलीकडे हाकलल्या.

मग येसाजी चारुशीलाबाईंच्या घरी गेला. ओटीवर टेकला, खुर्चीत बसला नाही. झऱ्यापुरती रेघ सरकवा म्हणाला, दहा पावलं, वीस पावलं. बाईंनी त्याच्यासमोरच श्रेयसला फोन लावला. बराच वेळ ऐकत होत्या. रेघ सरकली तर चढ बदलतो, चढ बदलला तर पुन्हा मंजुरी, आणि तोवर निधी राहत नाही. फोन ठेवून बाई खाली त्याच्याजवळ येऊन बसल्या. नळयोजनेत तुमची वाडी घेण्यासाठी मी भांडेन म्हणाल्या. त्यांचा आवाज खरा होता.

"येसाजीबाबा, मीनासाठीच ना आपण बसलो होतो रस्त्यावर?"

"हां बाई," येसाजी म्हणाला, आणि पाणी न पिता उठला.

माघात पोकलेन आलं. पिवळं, लांब मानेचं. दिवसभर डोंगराचं कातडं सोलल्याचा आवाज वाडीत येई. म्हशी दूध आखडू लागल्या. झरा आधी गढूळ झाला, मग आठवडाभर निवळला, तेव्हा वाडीला वाटलं की वाचला. मग सुरुंग झाले. त्यानंतर पाणी करंगळीएवढं, मग काडीएवढं. बायका वाटीने हंडे भरू लागल्या. एक हंडा भरायला उंबराची सावली मुळावरून दगडावर जाई. भांडणं सुरू झाली. सगळ्यात शेवटी मैना, तिच्या वाट्याला चिखल.

ती खालच्या ओढ्याला जाऊ लागली. पोकलेनने टाकलेल्या मोकळ्या मातीवरून वाट. तिसऱ्या दिवशी भरल्या हंड्यानिशी तिचा पाय सुटला. हंडा आधी खाली गेला, त्याच्यामागून ती.

हैबतीने वाडीच्या तोंडाशी येऊन हाक मारली. डोलीला दुसरा खांदा हवा होता. दारं उघडी होती, दारांत माणसं होती, कुणी हललं नाही. त्याने घटकाभर वाट बघितली. मग मैनाला पाठीवर घेतली, पदराने आपल्या पोटाशी बांधली, आणि उतरू लागला. तिचा डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडे लोंबत होता.

येसाजी रिकामी कावड घेऊन वर येत होता. वाट अरुंद. तो बाजूला झाला, अंग चोरून, दरडीला पाठ लावून. भिंतीला लागतात तसा. हैबती त्याच्या इतक्या जवळून गेला की घामाचा वास आला. मैनाचे डोळे उघडे होते. ती दोघं वळणाआड गेली तरी येसाजी तसाच उभा. कावड त्याच्या खांद्यावर होती. तिच्यात काही नव्हतं.

ती दोघं परत आली नाहीत. मैनाचा भाऊ हिरकणीवाडीला होता, पर्यटकांना भाकरी-पिठलं देणारा. त्याच्याकडे गेली. हैबती एकदाच आला, म्हशी सोडल्या, दाराला कडी घातली. कुलूप लावलं नाही. घरात न्यायला काही नव्हतं, किंवा परत यायची आशा होती, कोण जाणे.

त्या दिवशी जनीने येसाजीला भाकरी वाढली आणि समोर बसून राहिली.

"शिमग्याला भुरीची घंटा भर दुपारी ऐकली व्हती मी," ती म्हणाली. "म्हस दुपारची वाटंनं जात नाय."

येसाजीचा हात ताटात थांबला. "मंग बोलली का नाय गो?"

"तुमी बोलाल म्हून."

भाकरी तशीच राहिली. तो उठला. वाघजाईच्या मांडवात माणसं बसलीच होती, पोकलेनने पाडलेल्या वाटेने येऊ घातलेला पाण्याचा टँकर कुणाच्या दारात थांबवायचा यावर वाद घालत. येसाजी मध्ये उभा राहिला आणि सांगितलं. वाट मी दाखवली. हैबती नुसता मागून आला. त्या दिवशी मांडवात मी खोटं बोललो.

मग कुशाबाने जवळ बोलावून त्याच्या पाठीवर हात ठेवला. मऊ आवाजात म्हणाला, बाबा, तुझी सून गेली, पोर लांब, आता मित्र गेला. तुझ्या जिवाला लागलंय. पण जे पाप तुझं नाही ते अंगावर घेऊ नकोस. बाकीच्यांनी माना हलवल्या. एकाने पाण्याचा तांब्या पुढे केला, त्यात चार घोट उरले होते. त्यांच्या तोंडांवर दया होती, आणि दयेच्या मागे भीती. येसाजी खरं बोलत असेल तर दारांत उभं राहून त्यांनी कुणाकडे बघितलं होतं, हे त्यांना पुन्हा बघावं लागलं असतं.

येसाजी घरी आला आणि भुरीला सोडली. दिवस मावळतीला कलला होता. दोन दिवस तिला पुरतं पाणी मिळालं नव्हतं, बरगड्या दिसत होत्या. तिला मांडवासमोर आणून त्याने गळ्यातलं दावं सोडलं.

"बघा," तो म्हणाला.

भुरी क्षणभर हुंगत उभी राहिली. मग निघाली. घंटा वाजू लागली. माणसं उठली, मागून चालली. कुशाबाही काठी टेकत. पहिला दगड तिच्या डाव्या अंगाला गेला. दुसरा. तिसरा. ऐनाची झाडं आता नव्हती, नुसते बुंधे; पण जिथे ऐन होते तिथेच ती वळली. सहा, सात, आठ. दगड जणू तिच्या पायांसाठी घातले होते. वर पोकलेन गप्प उभं होतं. डोंगराची लाल मांडी उघडी पडलेली. फक्त घंटा, आणि कुशाबाची काठी दगडावर. काठीचा आवाज बाराव्या दगडाशी थांबला.

चौदा नंबरला भुरी थांबली. उंबराच्या मुळाशी मान घातली. तिथे ओलसर डाग होता तळहाताएवढा. तिने तो चाटला. मग मान वर करून माणसांकडे बघितलं, पुन्हा खाली घातली, पुन्हा चाटला. जिभेचा खरखर आवाज येत राहिला.

येसाजी मागे वळला तेव्हा वाटेवर जनीच होती. बाकीची माणसं चढ चढत होती, एकामागून एक, पाठी दाखवून.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो फणसाखाली आला. कट्टा रिकामा होता. त्याने हात फिरवून बघितला, जणू अंधारात एखादी किटली नजरेतून सुटली असेल. दगड गार होता. समोरच्या घरात चूल पेटलेली दिसत होती, धुराचा वास येत होता, कुणीतरी म्हैस पिळत होतं. त्याने कुशाबाच्या सुनेला हाक मारली. आतला चुडा वाजायचा थांबला. ओ आली नाही.

जनीने घरचं दूध आणून दिलं. भुरी आटली होती, उरलेल्या दोघींचं मिळून एकच कॅन अर्धा झाला. येसाजीने तो कावडीच्या एका टोकाला अडकवला, दांडा खांद्यावर घेतला, पण एका अंगाने कावड उभी राहीना. तो तसाच हाताने दांडा दाबून धरत उतरला, झऱ्यापर्यंत. तिथे हंडे टेकवायचा एक गुळगुळीत दगड होता, मधे खळगा पडलेला. मीना त्याच्यावर हंडा ठेवून चुंबळ नीट करायची. येसाजीने तो दोन्ही हातांनी मातीतून उपसला, दुसऱ्या कॅनमध्ये ठेवला आणि कावड उचलली.

दांडा एकदा उचकला. तोल बसला.

खाली पेठेत पहिला टँकर भोंगा वाजवत होता. एका अंगाला दूध, एका अंगाला दगड घेऊन येसाजी भुरीच्या वाटेने उतरू लागला.